डोंबिवली शाखेतून न हलणारा फोटो

दिवाळी अंकात अनुभव लिहायला सहसा पोलीस अधिकाऱ्यांना सांगतात, डॉक्टरांना सांगतात, गेला बाजार एखाद्या फॉरेस्टवाल्याला. त्यांच्याकडे खून असतात, ऑपरेशनं असतात, बिबटे असतात. माझ्याकडे यातलं काही नाही. मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली भागात कॉम्प्युटरची नेटवर्क बसवायचो. त्यातही माझं खास काम म्हणजे माहितीच्या प्रती कुठे ठेवायच्या, किती ठेवायच्या आणि कधी टाकून द्यायच्या हे ठरवणं. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की शेजारचा माणूस पलीकडच्याशी बोलायला लागतो. संपादकांनाही मी याची कल्पना दिली होती. ते म्हणाले, तुम्ही लिहा तर खरं.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरी पिठाची कोठी माळ्यावर असायची आणि ओट्यावर एक लहान डबा. आई भाकरीसाठी रोज माळ्यावर चढत नसे. डब्यातलं पीठ वापरायची आणि ते संपत आलं की आमच्यापैकी कोणाला तरी वर चढवायची. कॉम्प्युटरच्या दुनियेत तोच डबा मी आयुष्यभर बसवला. मुख्य मशिन लांब असतं, वाट चिंचोळी असते, माणसं घाईत असतात. म्हणून जे वारंवार लागतं त्याची एक प्रत माणसांच्या जवळ ठेवायची. याला इंग्रजीत कॅश म्हणतात. रोकडीशी त्याचा संबंध नाही, आणि माझाही रोकडीशी फारसा आला नाही.

ऐकायला सोपं आहे. पण डबा केवढा हवा, भरला की काय बाहेर काढायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डब्यातलं शिळं झालंय हे ओळखायचं कसं, यात माझे केस गेले. कोठीतलं पीठ बदललं तर डब्याला आपोआप कळत नाही, कोणीतरी जाऊन सांगावं लागतं. आईचा ठाण्याच्या मच्छी बाजारात गाळा होता. एकदा तिला मी हे सगळं समजावून सांगत बसलो. तिने कोलंबी सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बर्फ."

मी म्हटलं, "साधारण तसंच."

"बर्फातला म्हावरा ताजा नाय र, तो बर्फातलाच. गिऱ्हाइकाला तसा सांगतंस का तू?"

मी सांगत नसे.

सुरुवातीला, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मी मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात काम केलं. तिथल्या हवेत जे काही होतं ते कॉम्प्युटरच्या डिस्क खाऊन टाकायचं. नवी डिस्क बसवावी आणि काही महिन्यांत तिने कुरकुर करत प्राण सोडावा. मी सुचवलं की खाली यंत्रांपाशी बिनडिस्कची मशिनं ठेवू. म्हणजे नुसता पडदा, कीबोर्ड आणि भिंतीत जाणारी वायर. सगळी माहिती वरच्या काचेच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये राहील आणि तोच ती पुरवेल. मालकांना हे पटलं. मशिनं आल्यावर त्यांनी एकाचं झाकण उघडून घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि मला बोलावलं.

"अहो ठाणेकर, यात तर काहीच नाही."

"नाहीच."

"मग ते चालतं कशावर?"

"विश्वासावर," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही, पण तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. प्रत्येक मशिन सर्व्हर सांगेल ते खरं मानून चालायचं. ही व्यवस्था दसऱ्यापर्यंत उत्तम चालली. दसऱ्याला कामगारांनी सर्व यंत्रांची पूजा केली, त्यात सर्व्हरचीही केली, आणि हळदकुंकू वाहायला सोयीची जागा म्हणून फ्लॉपीची फट निवडली. दुसऱ्या दिवशी अख्खा कारखाना बंद. मी ब्रश घेऊन दुपारपर्यंत हळद काढत होतो. फोरमन शेजारी उभा होता. तो म्हणाला, "पण साहेब, नारळ आम्ही बाहेरच फोडला हां." त्याबद्दल मी त्याचे आभार मानले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

कुंदाताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यांनी ठाण्यात नौपाड्याला वधूवर सूचक केंद्र काढलं. शाळेत त्यांनी ज्यांना शिकवलं त्यांचीच आता लग्नं जुळवायची होती, त्यामुळे स्थळांना कमतरता नव्हती. पुढे कल्याणला आणि डोंबिवलीला शाखा निघाल्या. फायलींमधून बायोडेटा बघायचे, फोटो बघायचे. लोक फोटो "घरी दाखवून आणतो" म्हणून न्यायचे आणि ते परत यायचे नाहीत. कुंदाताईंचं म्हणणं, एका मुलीचा फोटो पाच घरांत फिरतोय हे तिच्या आईला कळलं तर मी तोंड कसं दाखवू? म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांनी मला बोलावलं. फोटो फक्त पडद्यावर दिसला पाहिजे, तिन्ही ठिकाणी दिसला पाहिजे, आणि ऑफिसबाहेर गेला नाही पाहिजे.

अडचण टेलिफोनची होती. नौपाड्याहून डोंबिवलीला माहिती जायची ती साध्या फोनच्या तारेवरून, मोडेम नावाच्या किरकिर करणाऱ्या पेटीतून. एक फोटो उतरायला चहा करून पिऊन होईल एवढा वेळ लागायचा. वरून खाली असा उतरायचा. आधी केस दिसायचे, मग कपाळ. नाकापर्यंत आला की लाइन तुटायची. अशा अर्ध्या चेहऱ्यांवर डोंबिवलीत काही स्थळं नाकारली गेली असं मी ऐकून आहे.

मी प्रत्येक शाखेत एक छोटा सर्व्हर ठेवला. बाकीची मशिनं मानपाड्यासारखीच, आत काही नसलेली. कोणी नंबर दाबला की मशिन शाखेच्या सर्व्हरला विचारणार. त्याच्याकडे प्रत असेल तर फोटो झटकन हजर. नसेल तर तो नौपाड्याहून मागवणार, दाखवणार आणि एक प्रत स्वतःकडे ठेवणार. पहिल्याने चहा प्यायचा, पुढच्यांनी मजा करायची. शाखेच्या सर्व्हरची जागा भरली की नियम एकच होता. ज्याला सगळ्यात जास्त काळ कोणी विचारलेलं नाही, त्याला बाहेर काढायचं.

हा नियम कुंदाताईंना सांगितला तेव्हा त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "अरे ठाणेकर, हे फार निष्ठुर आहे."

"ताई, जागेचा प्रश्न आहे."

"जागेचाच असतो," त्या म्हणाल्या आणि सही केली.

आता केंद्राची एक प्रथा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लग्न ठरलं की त्या घरच्यांनी नौपाड्याला येऊन कुंदाताईंना पेढे द्यायचे. पेढे हातात पडले की ताई स्वतः ते नाव मुख्य सर्व्हरमधून काढायच्या. दुसऱ्या कोणाला काढायची मुभा नव्हती. मी खूप समजावलं की ताई, फोनवर कळवलं तरी चालेल असं करू. त्या म्हणाल्या, फोनवर कोणीही काहीही सांगतो, पेढे कोणी उगाच आणत नाही. तपासणीची पद्धत म्हणून ती खरोखरच चांगली होती. नाव काढलं की शाखांना निरोप जायचा आणि ते शोधाच्या यादीतून गळायचं. फोटोची प्रत मात्र शाखेत तशीच पडून राहायची, कारण मी विचार केला होता की यादीत नसलेल्याला विचारणार कोण? कोणी विचारलं नाही की नियमाप्रमाणे आपोआप बाहेर जाईल.

मग कल्याणचा प्रकार झाला. तिथल्या शाखेत एक मुलगा पाहून एक कुटुंब रीतसर फोन करून शहाडला त्याच्या घरी गेलं. फोन घरातल्या आजोबांनी उचलला होता आणि आजोबांना कोणीही घरी आलेलं आवडायचं. मंडळी बसली, पाणी झालं, मुलाची चौकशी झाली आणि चहा आला. चहा मुलाच्या बायकोने आणला. लग्न महिन्यापूर्वीच झालेलं होतं. मुलीच्या वडिलांनी चहा पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि मग नौपाडा गाठला.

कुंदाताईंनी मला उभं करून विचारलं. शिळी माहिती म्हणजे माझंच खातं. पण मी तपासलं तर शाखेची प्रत मुख्य सर्व्हरशी तंतोतंत जुळत होती. दोन्हीकडे मुलगा अविवाहित. त्याच्या घरच्यांनी कळवलंच नव्हतं. ताईंनी फोन लावला तर मुलाचे वडील म्हणाले, "अहो, पेढे घेऊन यायचंच होतं, पण घरात पाहुणे." एवढी रचना उभी केल्यावर मला कळलं की माझ्या नेटवर्कमधली सगळ्यात मंद लाइन म्हणजे ठाण्यातल्या मिठाईच्या दुकानापासून नौपाड्यातल्या केंद्रापर्यंतची.

ताईंचं समाधान झालं नाही. "ते मला माहीत नाही. जे नाव मी काढते ते सगळीकडून गेलं पाहिजे. नाव, पत्रिका, फोटो, सगळं. इथून गेलं आणि तिथे राहिलं, हे मला चालणार नाही. उद्या कोणाच्या तरी सुनेचा फोटो डोंबिवलीत दिसला तर?" माझी चूक नसताना मला दुरुस्ती करायची होती. मी ती केली. ताईंनी काढलेल्या प्रत्येक नंबराची प्रत शाखेतूनही पुसून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, फ्लॉपीवर घेतला आणि आधी कल्याणला बसवला. तिथे पुसण्यासारखं जवळपास काहीच निघालं नाही. जुने फोटो नियमाप्रमाणे आधीच बाहेर गेलेले. मला बरं वाटलं.

गुरुवारी डोंबिवलीला गेलो. ही शाखा शुभांगी नावाची मुलगी सांभाळायची. चलाख मुलगी, पण केंद्राचा एक नियम ती फार कडक पाळायची. कोण येतं आणि काय बघतं, हे कोणाला सांगायचं नाही. मी सर्व्हर उघडून आत काय काय आहे ते पाहत होतो, तर एक फोटो सगळ्यात वर बसलेला. वर म्हणजे नुकताच कोणीतरी मागितलेला. नंबर पाहिला तर तो ताईंनी दोन वर्षांपूर्वी काढलेला. दोन वर्षं तो बाहेर पडला नव्हता, म्हणजे दोन वर्षं त्याला कोणीतरी सतत विचारत होतं.

"शुभांगी, हा नंबर कोण बघतं?"

"सर, नाव नाही सांगू शकत मी." मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "पण तुम्ही बसा ना अजून थोडा वेळ. मशिन बघतोय असं दाखवा."

मी मशिन बघतोय असं दाखवलं, जे मला सहज जमतं. थोड्या वेळाने एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हातात भाजीची पिशवी, तीतून मेथी बाहेर आलेली. शुभांगीला म्हणाल्या, "भाच्यासाठी बघते गं जरा," आणि थेट कोपऱ्यातल्या मशिनपाशी जाऊन बसल्या. कुठलाही कागद न बघता त्यांनी नंबर दाबला. फोटो झटकन आला. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, लांब वेणी, फोटोसाठी हसू नये असं कोणीतरी बजावलेलं पण ते फारसं न ऐकलेली. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि नुसत्या बघत बसल्या.

माझ्या मनात पहिली भावना आली ती अभिमानाची, हे मी लपवत नाही. केवढ्या वेगाने आला फोटो!

बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुम्ही मशिनवाले का? फार छान केलंय हो तुम्ही. नंबर दाबला की लगेच येते."

"तुमची कोण?" मी विचारलं.

त्यांनी शुभांगीकडे पाहिलं. शुभांगी अचानक फायली लावायला लागली. मग बाईंनी सांगितलं. त्या गुप्तेबाई. फोटोतली त्यांची मुलगी, मेधा. मानपाड्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. इकडे केंद्रात नाव घातलं, स्थळं बघणं चालू, आणि तिने तिकडे कंपनीतल्याच एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. त्या दिवशी गुप्तेसाहेबांनी घरातला तिचा प्रत्येक फोटो फाडला. बारशापासूनचे. मग रिक्षा करून नौपाड्याला गेले आणि कुंदाताईंना म्हणाले, नाव काढून टाका. पेढे नव्हतेच. ताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काही विचारलं नाही आणि नाव काढलं.

"ह्यांनी सांगितलंय, या घरात तिचं नाव निघणार नाही. निघत नाही," गुप्तेबाई म्हणाल्या. "मला नंबर पाठ होता. एकदा सहज इथे येऊन दाबला. वाटलं नव्हतं येईल म्हणून."

त्या येत राहिल्या म्हणून फोटो राहिला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते नीट कळलं नसावं, पण "हो का?" म्हणून त्यांनी पडद्याकडे असं पाहिलं की मला पुढचं सांगणं जड गेलं. तरी सांगितलं. आज संध्याकाळी ही प्रत पुसली जाणार आहे. हुकूम आहे.

"एकच ठेवता नाही यायचा? कोणाला त्रास आहे तिचा?"

मी शुभांगीच्या प्रिंटरवर फोटो छापून पाहिला. केंद्राच्या नियमात बसत नव्हतं, पण शुभांगी अजून फायलीच लावत होती. तो प्रिंटर पावत्या छापायचा. त्याने टकटक करत जे कागदावर काढलं त्याला मिशा होत्या. गुप्तेबाईंनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि नम्रपणे मला परत दिला. "ही नाही ती," म्हणाल्या.

"कुठे असते आता?" मी विचारलं.

"बाळकुमला."

मला वाटलं होतं अमेरिका म्हणतील, निदान इंदूर. "अहो, मग ठाण्यातलं बाळकुम कितीसं लांब आहे?"

"लांब नाही हो. तसं लांब नाही." त्यांनी बाहेर आलेली मेथी पिशवीत ढकलली. "ते लोक वेगळे. होड्या आहेत त्यांच्या. मुलगा शिकलेला आहे म्हणे, पण घरचे खाडीवर जातात. आमच्याकडे मासे चालतात, नाही असं नाही, रविवारी तर लागतातच, पण..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?"

"ठाणेकर."

"ठाणेकर म्हणजे...?"

"चेंदणी कोळीवाडा. आईचा मच्छी बाजारात गाळा आहे."

गुप्तेबाई गोऱ्या होत्या, त्यामुळे लाल झालेल्या लगेच दिसल्या. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. असली वाक्यं मी अर्धवट तुटलेली बरीच ऐकली आहेत आणि दर वेळी ती पूर्ण करून द्यावीशी वाटतात. पण मांडीवर मेथी घेऊन बसलेल्या बाईशी काय भांडणार? शेवटी त्याच म्हणाल्या, "बाजारात शिरल्यावर डाव्या हाताला?"

"डाव्या हाताला, दुसरा."

"मी तिथूनच घ्यायची पापलेट. माहेर ठाण्याचं माझं. बाई वजनाला खमक्या होत्या."

"अजून आहे."

आमचं तेवढ्यावर मिटलं. मग मी त्यांना माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली, जी मी गिऱ्हाइकांना कधी सांगत नसे. म्हटलं, बाई, अस्सल लांब असतं आणि वाट वाईट असते, म्हणून आम्ही जवळ प्रत ठेवतो. दुसरं काही कारण नाही. आणि ही प्रत दोन वर्षांपूर्वीची आहे. मेधा आता अशी दिसत असेल का, हे माझ्या मशिनला माहीत नाही. त्याला कोणी सांगितलेलं नाही. अस्सल बाळकुमला आहे. ठाण्याहून बस जाते.

"मला काय सांगता?" त्या एकदम चिडून म्हणाल्या. "पत्ता पाठ आहे मला. तिच्या मैत्रिणीने सांगितलाय. नाका, विहीर, निळं दार, सगळं पाठ आहे."

मी खिशातली फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली.

"किती वाजता पुसणार?"

"तुम्ही गेल्यावर."

"मग मी थोडी बसते."

त्या बसल्या. मी पलीकडचं एक चांगलं चालणारं मशिन उघडून त्याचे स्क्रू काढले आणि परत लावले. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मी फ्लॉपी घातली. मेधाचा फोटो गेला, यादी आणि प्रती जुळल्या, डोंबिवली शाखा स्वच्छ झाली. काम सांगितलेल्या दिवशी झालं याबद्दल कुंदाताईंनी माझं कौतुक केलं. मला ते नकोसं वाटलं.

शनिवारी शुभांगीचा फोन आला. "सर, तक्रार आलेय. गुप्तेकाका आलेत. मशिन बिघडलंय म्हणतात."

"कोण काका?"

"अहो, त्या काकूंचे मिस्टर. शनिवारी येतात ना ते. काकू गुरुवारी, काका शनिवारी."

"हे तू मला तेव्हा नाही सांगितलंस?"

"काकू आल्यावर तुम्ही पुढे विचारलंच नाही," ती म्हणाली. "देते हां फोन."

फोनवर एक भारदस्त आवाज आला, सरकारी कचेरीत मुरलेला. "नमस्कार. आपल्या यंत्रणेत दोष निर्माण झाला आहे. मी एक क्रमांक देतो आहे, परंतु संबंधित छायाचित्र उपलब्ध होत नाही."

"कोणाचं छायाचित्र?"

"एक... विवाहेच्छू मुलगी आहे."

मी नंबर विचारला. त्यांनीही तो न अडखळता सांगितला. मी म्हटलं, "साहेब, हे नाव तुम्हीच काढायला सांगितलं होतं."

"नाव काढण्यास सांगितले होते," ते म्हणाले. "छायाचित्राविषयी मी काही..." आणि तो भारदस्त आवाज तिथे संपला. नंतर जो आला तो साधा होता. "घरी एकही नाही हो. मीच फाडले. तुमच्याकडे मिळेल का?"

"नाही. पुसलं सगळं. प्रत कुठेच नाही. अस्सल बाळकुमला आहे."

"मला पत्ता माहीत नाही."

"तुमच्या घरात आहे तो," मी म्हटलं. "विचारा."

मला वाटलं लाइन तुटली. आमच्याकडे तुटायचीच. पण तुटली नव्हती, पलीकडून श्वास ऐकू येत होता. मग फोन अगदी हळू खाली ठेवल्याचा आवाज आला.

यानंतर मी बरीच नेटवर्क बसवली, मोठी, वेगवान, ज्यांची माहितीपत्रकं छापून आली. कोणी विचारलं की सर्वांत चांगलं काम कोणतं, तर मी त्यातलंच एखादं सांगतो. पण मनात डोंबिवली येते. ती रचना खरंच चांगली होती, आणि तेच मला खुपतं. फोटो नाकापर्यंत येऊन तुटत राहिला असता तर त्या दोघांपैकी एक जण कंटाळून पहिल्याच महिन्यात बाळकुमला गेला असता. मी इतकं झटकन दाखवलं की त्यांचं दोन वर्षं भागलं. याची खंत मला आजही आहे.

काही आठवड्यांनी कुंदाताईंनी मला तातडीने नौपाड्याला बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा खोका होता, किलोचा असावा.

"गुप्ते म्हणून गृहस्थ आले होते, बायकोला घेऊन. चेहरा पाहिल्यासारखा वाटला, पण आठवेना. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसत होत्या. पेढे दिले. म्हटलं, कोणाचं ठरलं? तर म्हणाले, मुलीचं, जरा उशीर झाला. नंबर सांगितला. तो नंबर मुख्य मशिनमध्ये नाही, कल्याणला नाही, डोंबिवलीला नाही." ताईंनी चष्मा काढला. "तुझ्या मशिनमध्ये पुन्हा काही घोळ आहे का?"

"नाही ताई. मशिन बरोबर आहे."

"अरे, मग हे पेढे कुठल्या नावावर घालू मी? नावच नाही. काढू काय?"

"काही काढू नका," मी म्हटलं आणि खोका माझ्याकडे ओढला. "खाऊया."